प्रतिकारशक्ती वाढवली की अल्झायमर टळतो?

संपादक महोदय,

फुटाळा तलावावर फिरायला येणाऱ्या आम्हा ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटात सध्या ‘प्रतिकारशक्ती वाढवा, अल्झायमर टाळा’ असे सांगणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती रोज येतात. विषय इतका सोपा नाही.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या, प्रतिकारशक्तीचाच भाग असलेल्या संरक्षक पेशी असतात. मृत पेशी आणि अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड प्रथिन गिळणे हे त्यांचे काम; महापालिकेचे सफाई पथकच म्हणा ना! ट्रेम-२ या जनुकातील एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका बराच वाढतो, हे २०१३ मध्ये समोर आले. मेंदूत हे जनुक मुख्यतः याच पेशींत काम करते. म्हणजे त्या दुबळ्या पडल्या तर नुकसान. पण सतत चेतवलेल्या राहिल्या तरी नुकसानच: दाह वाढतो, आणि उंदरांवरील प्रयोगांत तर त्या मज्जापेशींमधील जोडण्याच गिळताना दिसल्या. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध अमायलॉइडला चिकटून याच पेशींना कामाला लावते. त्याने स्मरणशक्तीचा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही; शिवाय काहींच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो, म्हणून अधूनमधून एमआरआय करावा लागतो. तिथे चमचाभर चूर्ण काय करणार?

रक्तदाब, मधुमेह आणि कमी ऐकू येणे यांवरचे उपचार अधिक उपयोगी. महापालिकेच्या दवाखान्यांत साठीपुढील नागरिकांची स्मरणशक्ती तपासण्याची सोय व्हावी, ही विनंती. ‘म्हातारपणी व्हायचंच’ म्हणून अनेक घरांत रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

– एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ, नागपूर