जोडीतल्या दोन डोळ्यांचे गणित

तीर्थरूप बाबांस सादर नमस्कार.

डोळ्यांच्या रुग्णांच्या आकडेवारीत मी इथे नेमके काय शोधते, असे तुम्ही विचारले होते, ते सविस्तर लिहिते.

अमेरिकेत १९७१ मध्ये मधुमेहामुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकारावर एक मोठी चाचणी सुरू झाली. तीत प्रत्येक रुग्णाच्या एकाच डोळ्यावर लेसर उपचार केला गेला आणि तो डोळा कोणता, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. जास्त धोका असलेल्या १९७ रुग्णांच्या नोंदी आमच्या विषयात, म्हणजे सांख्यिकीत, आजही वापरल्या जातात. त्यांपैकी उपचार न झालेल्या १०१ आणि झालेल्या ५४ डोळ्यांची दृष्टी गेली. बाकीच्यांचे पुढे काय झाले हे कळण्याआधीच निरीक्षण थांबले. तरी अशी अपुरी नोंद टाकून देता येत नाही, कारण दृष्टी निदान तोवर टिकली होती, एवढे ती सांगतेच.

परंतु या ३९४ नोंदी सुट्या नाहीत. रक्तातली साखर, रक्तदाब आणि मोजताच न येणारे बरेच काही दोन्ही डोळ्यांना सामाईक असते. ही जोडी विसरून गणित केले, तर मधुमेह कोणत्या वयात जडला यासारख्या, सबंध माणसाला लागू असलेल्या घटकाविषयी आपण वाजवीपेक्षा अधिक खात्रीने बोलतो. उलट लेसरच्या परिणामाविषयी, जिथे त्याच माणसाच्या दुसऱ्या डोळ्याशी तुलना हाताशी असते, तिथे उगाच कचरतो. मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

उपाय असा, की प्रत्येक जोडीला न दिसणारा एक सामाईक गुणक द्यायचा, जो दोन्ही डोळ्यांचा धोका सारख्याच पटीने वाढवतो किंवा घटवतो. वॉपेल, मॅन्टन आणि स्टॅलर्ड यांनी १९७९ मध्ये त्याला 'फ्रेल्टी', म्हणजे नाजूकपणा, म्हटले. हा गुणक माणसागणिक कसा बदलतो ते सांगणाऱ्या गॅमा नावाच्या वितरणाचा, सरासरी १ आणि प्रचरणही (विखुरलेपणाचे मापही) १ असलेला मानला, तर एका डोळ्याची दृष्टी ज्या क्षणी गेली, त्या क्षणापलीकडे ती टिकली असती त्या तुलनेत दुसऱ्या डोळ्याचा धोका नेहमी दुप्पट ठरतो. क्लेटन यांच्या १९७८ च्या प्रतिमानातही (गणिती मांडणीतही) हे गुणोत्तर असेच स्थिर असते.

मात्र गॅमा निवडला, की जोडीतले नाते उशिराच्या घटनांत घट्ट धरले जाते, तर हौगार्ड यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पॉझिटिव्ह स्टेबल वितरणात ते सुरुवातीच्या घटनांत घट्ट असते. यांतले कोणते घ्यायचे हे सवयीने ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सध्या मी दोन्ही वितरणे या नोंदींवर लावून, लेसरच्या परिणामाचा अंदाज त्यामुळे किती हलतो, हे तपासते आहे.

आईला नमस्कार सांगावा.

तुमची लेक