ढग मोजण्याआधी काच पुसावी लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हवेत तरंगणारे सूक्ष्म कण, म्हणजे एरोसोल, पृथ्वीला किती गार ठेवतात याचा आकडा हवामानबदलाच्या बातम्यांत अधूनमधून येतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालात तो उणे १.१ वॉट प्रति चौरस मीटर आहे आणि त्याला जोडून उणे १.७ ते उणे ०.४ अशी व्याप्ती दिली आहे. बातमीत आकडा राहतो, व्याप्ती गळते. वास्तविक बातमी त्या व्याप्तीतच आहे. कार्बन डायऑक्साइडचा २.१६ वॉटांचा परिणाम आपल्याला बऱ्यापैकी नेमका ठाऊक आहे, एरोसोलच्या आकड्याची दोन टोके मात्र एकमेकांच्या चौपट आहेत. ढगांचे भौतिकशास्त्र अवघड आहे हे त्याचे मोठे कारण. दुसरे कारण साध्या देखभालीचे आहे आणि हे पत्र त्याबद्दल आहे. ही मोजमापे अनेक ठिकाणी दोन-तीन वर्षांच्या करारावरचे पोस्टडॉक, म्हणजे नुकतीच पीएचडी झालेले, संशोधक सांभाळतात. त्यांचे मूल्यमापन होते ते शोधनिबंध मोजून. यंत्रावरचा काचेचा घुमट रोज पुसला की नाही, हे कुणी विचारत नाही.

घुमटाचे एवढे महत्त्व का, ते सांगायला हवे. उन्हाची तीव्रता मोजणाऱ्या पायरॅनोमीटरमध्ये काळा लेप दिलेली एक चकती असते. ती उन्हाने तापते आणि तिच्याखालचा थर्मोपाइल त्या तापण्याचे व्होल्टेज करतो. दर वॉटमागे साधारण १० मायक्रोव्होल्ट, म्हणजे भर दुपारच्या कडक उन्हातही जेमतेम १० मिलिव्होल्ट. एवढ्याशा संकेताला सैल स्क्रू, ओल आलेली जोडणी किंवा नीट अर्थिंग नसलेली केबल सहज बिघडवते. चकतीवर काचेचे दोन घुमट असतात. निरभ्र आकाश अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात थंड असते, त्यामुळे बाहेरचा घुमट आकाशाकडे उष्णता सोडून गार होतो, त्याच्यामागे आतला होतो, आणि चकतीची थोडी उष्णता त्यांच्याकडे जाते. परिणामी रात्री, ऊन शून्य असताना, यंत्र उणे २, उणे ४ वॉट दाखवते. रात्रीचे हे उणे आकडे शून्य करून टाकले की आलेख स्वच्छ दिसतो. पण ही चूक दिवसाही तिथेच असते, फक्त दिसत नाही. म्हणून रात्रीचे आकडे कधीही पुसू नयेत. दिवसाची दुरुस्ती त्यांच्यावरूनच करता येते.

ही बारीकसारीक बाब वाटत असेल, तर १९९०च्या दशकातला वाद आठवावा. ढग सूर्यप्रकाश सिद्धांतापेक्षा बराच जास्त शोषतात, असा दावा १९९५ साली पुढे आला. आकडा खरा ठरला असता, तर प्रत्येक हवामान-प्रारूप बदलावे लागले असते. त्याच सुमारास आणखी एक कोडे पुढे आले होते. अतिस्वच्छ, निरभ्र दिवशी काही केंद्रांवर विखुरलेल्या उन्हाचे माप इतके कमी येत होते, की केवळ हवेचे रेणू जेवढा प्रकाश विखुरतात त्याच्याही खाली जात होते. हे भौतिकदृष्ट्या अशक्यच. कारण निघाले तो गार होणारा घुमट. ढगांच्या वादात इतरही मुद्दे होते, पण २०००च्या फेरमोजणीत, काळजीपूर्वक अंशांकन (कॅलिब्रेशन) केलेली यंत्रे वापरल्यावर, मोजमाप आणि सिद्धांत अनिश्चिततेच्या मर्यादेत जुळले.

त्यामुळे चांगल्या केंद्रावर एकाच उन्हाची दोनदा मोजणी होते. सूर्यामागे फिरणाऱ्या ट्रॅकरवरचा पायरहेलिओमीटर ५ अंशांच्या अरुंद दृष्टिक्षेत्रातून थेट ऊन मोजतो. सूर्याला झाकणाऱ्या छोट्या गोळ्याच्या सावलीतला पायरॅनोमीटर विखुरलेले ऊन मोजतो. तिसरा पायरॅनोमीटर उघड्यावर एकूण ऊन मोजतो. थेट उन्हाला सूर्याच्या शिरोबिंदूपासूनच्या (थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनच्या) कोनाच्या कोसाइनने गुणून त्यात विखुरलेले मिळवले, की एकूण यायला हवे. १९९२ पासून चालू असलेल्या बेसलाइन सरफेस रेडिएशन नेटवर्क या मोजणी-केंद्रांच्या जागतिक जाळ्याच्या तपासणीत, सूर्य शिरोबिंदूपासून ७५ अंशांच्या आत असताना हा मेळ ८ टक्क्यांत बसला नाही, तर त्या मिनिटावर खूण केली जाते. मात्र ही मर्यादा फक्त ढोबळ बिघाड पकडते. खरी माहिती फरकाच्या घाटात असते. सकाळी फरक एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूला जात असेल, तर उघड्यावरचे यंत्र समपातळीत नाही. सूर्य शिरोबिंदूपासून ६० अंशांवर असताना एका अंशाच्या कलाने थेट उन्हात ३ टक्के चूक होते. फरक फक्त थेट उन्हाच्या काळात वाढत असेल, तर ट्रॅकर हुकतो आहे. घड्याळ एक मिनिट चुकले की पृथ्वी पाव अंश फिरलेली असते, आणि ट्रॅकरकडून अपेक्षा ०.१ अंशाची असते. नोंदीवरची वेळ मिनिटाच्या सुरुवातीची की शेवटाची, हे लिहून न ठेवल्यामुळे पुढे कितीजणांचे आठवडे वाया गेले असतील!

पुसण्याचेही शास्त्र आहे. कोरडी धूळ कोरड्या फडक्याने घासली तर काचेवर ओरखडे पडतात. आधी ऊर्ध्वपातित पाण्याने ती सैल करायची, मग मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने टिपायची. चिकट डाग असेल तर थोडा अल्कोहोल. शक्यतो सूर्योदयापूर्वी, आणि पुसल्याची वेळ मिनिटासह वहीत, कारण पुसल्यावर संकेत किती उडी मारतो यावरून आधीची घाण किती होती ते कळते. घुमटाभोवती हवा खेळवणारा पंखा चालू आहे ना, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग बदलला आहे का, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यभागी आहे का, हे त्याच फेरीत पाहायचे. पंखा बंद पडला तर दव साचते आणि वर सांगितलेली उणे चूकही वाढते. आकाशातून येणारी अवरक्त उष्णता मोजणाऱ्या पायरजिओमीटरच्या बाबतीत आणखी एक जपणूक लागते. त्याच्या स्वतःच्या धडाचे तापमान हिशेबात धरावे लागते, आणि २७ सेल्सियसच्या आसपास ते एका अंशाने चुकले तर उत्तर ६ वॉटांनी चुकते.

एरोसोलकडे वळू. सनफोटोमीटर ठरावीक रंगांत थेट सूर्यप्रकाश मोजतो आणि वातावरणात तो किती घटला यावरून कणांची ऑप्टिकल डेप्थ काढतो. ०.१ म्हणजे माथ्यावरच्या सूर्याचा सुमारे १० टक्के थेट प्रकाश कणांनी हिरावून घेतला. त्यासाठी वातावरणाबाहेर हे यंत्र किती संकेत देईल, तो आकडा लागतो. सूर्य चढत असताना संकेताचा लॉगॅरिदम हवेच्या वाटेच्या लांबीसमोर मांडायचा आणि रेषा शून्य लांबीपर्यंत मागे न्यायची, ही लँगली पद्धत. वापरायला सोपी, फसवायला त्याहून सोपी. दुपारकडे धूसरपणा हळूहळू वाढत किंवा घटत असेल आणि तो बदल वाटेच्या लांबीशी व्यस्त प्रमाणात असेल, तर बिंदू सुरेख सरळ रेषेत बसतात आणि उत्तर तरीही चुकते. रेषा सरळ आली म्हणजे अंशांकन बरोबर, असे अजिबात नाही. म्हणूनच एरोनेट या सनफोटोमीटरांच्या जागतिक जाळ्याची संदर्भ यंत्रे हवाई बेटावरच्या मौना लोआसारख्या उंच, स्वच्छ हवेच्या डोंगरावर अंशांकित होत आली आहेत. केंद्रांवरची यंत्रे साधारण वर्षाकाठी उतरवून त्यांच्याशी ताडतात, आणि परतल्यावरच्या ताडणीनंतरच विदा (डेटा) दुसऱ्या, म्हणजे अंतिम, पातळीला जाते. हे थांबणे तरुण संशोधकाला जड जाते, कारण कराराचे वर्ष तेवढ्यात संपलेले असते.

अंशांकन चुकले की त्याची खूण दिवसाच्या आलेखात उमटते. वातावरणाबाहेरच्या संकेताच्या आकड्यात २ टक्के चूक असेल, तर सूर्य माथ्यावर असताना ऑप्टिकल डेप्थ ०.०२ ने चुकते, आणि सूर्य इतका खाली असताना की प्रकाशाची वाट पाचपट लांब होते, फक्त ०.००४ ने. म्हणजे रोज, प्रत्येक स्वच्छ दिवशी, नेमका दुपारी उंचवटा किंवा खळगा दिसतो. त्याला 'दुपारी वाढणारे प्रदूषण' समजून निष्कर्ष काढण्याआधी सनफोटोमीटरच्या नळीत डोकवावे. कोळ्याला ती काळी, अरुंद नळी फार आवडते आणि जाळ्याचा एक धागासुद्धा पुरतो. भिंगावरची धूळही तोच खेळ करते. शिवाय स्थानिक हवेचा दाब खरा वापरला पाहिजे. समुद्रसपाटीला ५०० नॅनोमीटरवर नुसत्या रेणूंची ऑप्टिकल डेप्थ ०.१४ च्या आसपास असते. स्वच्छ ठिकाणी कणांचा वाटा त्याहून कमी असतो, त्यामुळे मोठी संख्या वजा करून छोटी काढताना दाबातली चूक थेट उत्तरात येते.

ढग यापेक्षा अवघड. लायडारचा, म्हणजे लेझरने वेध घेणाऱ्या यंत्राचा, किरण जाड ढगात लगेच विझतो, तीनच्या आसपास ऑप्टिकल डेप्थ ओलांडली की पलीकडले काही दिसत नाही. रडार आरपार जातो, पण त्याचा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे रिमझिमीचे मूठभर मोठे थेंब ढगातल्या कोट्यवधी बारीक थेंबांना झाकून टाकतात. खालच्या थरात किडेही ढगासारखे दिसतात. मायक्रोवेव्ह रेडिओमीटर ढगातले पाणी मोजतो, पण दर चौरस मीटरला २०-३० ग्रॅमची अनिश्चितता ठेवून, आणि एरोसोलचा परिणाम ज्यांच्यावर पाहायचा त्या पातळ ढगांत पाणीच ५० ग्रॅम असते. पाऊस पडून गेला की यंत्राच्या आवरणावरचे थेंब ढगात जमा होतात. ते सुकेपर्यंतची मिनिटे वगळायलाच हवीत.

या सगळ्याची कसोटी म्हणजे 'क्लोजर'. मोजलेले कण आणि ढग गणितात घालायचे, जमिनीवर किती ऊन पोचायला हवे ते काढायचे आणि पायरॅनोमीटरशी ताडायचे. मे २०२४ मध्ये सोडलेला अर्थकेअर उपग्रह हेच वरून करतो, १० किलोमीटर बाय १० किलोमीटरच्या तुकड्यावर १० वॉटांपर्यंत जुळवण्याचे उद्दिष्ट ठेवून. जुळले नाही तर दोष कुणाचा? ढगाच्या माहितीचा, कणांच्या, गणिताचा, की न पुसलेल्या काचेचा? काच आधी वगळता आली नाही, तर बाकीच्या प्रश्नांना हात घालण्यात अर्थ नाही.

दीर्घ नोंदींच्या बाबतीत तर हे निर्णायक आहे. १९५० ते १९८०च्या दशकांत जगात अनेक ठिकाणी जमिनीवर पोचणारे ऊन घटले आणि नंतर बऱ्याच ठिकाणी पुन्हा वाढले, हे जुन्या पायरॅनोमीटरच्या वह्यांमुळेच कळले. बदल दर दशकाला काही वॉटांचा. चांगला पायरॅनोमीटरही वर्षाला अर्ध्या टक्क्यापर्यंत मंदावू शकतो. १८० वॉटांच्या सरासरीवर दहा वर्षांत ते ९ वॉट झाले. अंशांकन न करता ठेवलेले यंत्र, काहीही घडलेले नसताना, ऊन घटल्याची बातमी देऊ शकते.

म्हणून निधी देणाऱ्यांकडे मागणी अशी, की प्रकल्पाच्या अर्जात अंशांकनाचा खर्च, यंत्र अंशांकनासाठी बाहेर असताना लावायचे बदली यंत्र आणि देखभालीला लागणारा वेळ वेगळा दाखवणे सक्तीचे करावे. तपासून, खुणांसह प्रसिद्ध केलेला विदासंच नेमणुकीच्या वेळी शोधनिबंधाइतकाच धरावा. त्यापेक्षाही तातडीचे म्हणजे, जाणारा पोस्टडॉक आणि येणारा यांच्या कराराची किमान एक महिना गाठ पडली पाहिजे. कुठला सेन्सर नोंदी साठवणाऱ्या लॉगरच्या कुठल्या वाहिनीवर आहे, कुठल्या तारखेपासून मिलिव्होल्टचे वॉट करणारा कुठला संवेदनशीलता-गुणांक लागू झाला, मूळ मिलिव्होल्ट जपले आहेत की फक्त वॉट, पंखा कोणत्या दिवशी बंद होता, झाडाची सावली वर्षातल्या कुठल्या आठवड्यांत पडते, हे कागदावर अर्धेच उतरते. उरलेले यंत्राशेजारी उभे राहून दाखवावे लागते. आणि मूळ मिलिव्होल्ट टाकून दिले असतील, तर पुढे गुणांक चुकीचा निघाल्यावर कोणत्या नोंदीला कोणता गुणांक लावला होता, हे शोधत बसण्यावाचून गत्यंतर नसते.

आपले,
प्रारण, ढग व एरोसोल यांच्या मोजमापांत काम करणारे काही संशोधक