म्हाताऱ्या पाळीव प्राण्यांसाठी साताऱ्यात तपासणीची सोय हवी

महोदय,
मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्या साताऱ्यातील अनेक घरांत म्हातारा कुत्रा किंवा मांजर हीच आजी-आजोबांची दिवसभराची सोबत असते. आमचा कुत्रा मोतीबिंदूमुळे उंबऱ्याला अडखळतो, तरी फाटकाची कडी वाजली की शेपटी हलवतोच. मात्र सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार यांसाठी वारंवार रक्ततपासणी, औषधे आणि वेगळा आहार लागतो व पेन्शनीत हे बसवताना ओढाताण होते. मग काही जण घरातल्याच वेदनाशामक गोळ्या देतात. हे फारच धोक्याचे, कारण पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला इजा करते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर गाई-म्हशींवर असतो (त्यांच्यावर घरे चालतात, त्याबद्दल तक्रार नाही). शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परंतु ज्याला उठवतही नाही असे जनावर रिक्षात घ्यायलाही कोणी तयार होत नसताना शिरवळ गाठायचे कसे? पशुसंवर्धन विभागाने या महाविद्यालयाच्या मदतीने महिन्यातून एकदा सातारा शहरात माफक दरात तपासणी शिबिर घ्यावे आणि त्याची तारीख वर्तमानपत्रातून आगाऊ कळवावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी, सातारा