बायू क्लासिकला येणाऱ्यांसाठी सूचना

सभासदहो,
थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आपण न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये बायू क्लासिक, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या दोन विद्यापीठांमधला अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला जातोय. सकाळी 10 ला मुख्य प्रवेशद्वारापाशी जमायचं आहे.

– पिशवी पारदर्शकच आणा.
– मध्यंतरात खायला उठू नका! दोन्ही विद्यापीठांची बँडपथकं तेव्हाच उतरतात; पितळी वाद्यांची रांग एका ठेक्यात डोलते ते चुकवू नका.
– मुलांना ग्रॅम्बलिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांच्याबद्दल आधी जरूर सांगा. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, त्या काळात, 1941 साली, त्यांनी ग्रॅम्बलिंगचा संघ हाती घेतला. 1997 पर्यंत 408 विजय! सुपर बोल (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू), डग विल्यम्स, त्यांच्याच हाताखाली घडला.

तिकिटाचे पैसे येत्या रविवारपर्यंत द्या.