शेरखान आमचा, पण बगीरा कोणाचा?

महोदय,
‘जंगल बुक’ या कार्टून मालिकेच्या हिंदी अवतारात शेरखान वाघाचा आवाज नाना पाटेकरांचा, हे आमच्या मुरूडमध्ये शेंबडं पोरही सांगेल. नाना इथलेच ना! पण काळ्या बिबट्याला, बगीराला, आवाज कोणी दिला, विचारा. सगळे गप्प. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा नातवासोबत पाहिली. चित्रं आता अडखळत हलतात, खोटं कशाला बोलू? आवाज मात्र ताजे. मालिका मूळची जपानी. म्हणजे परक्या भाषेत उघडमिट करणाऱ्या तोंडात हिंदी वाक्य बसवायचं, वर रागलोभही त्यातच! पुढच्या प्रक्षेपणात या कलाकारांची नावं सुरुवातीलाच, वाचता येतील अशा ठळक अक्षरांत दाखवावीत.
– एक निवृत्त शिक्षिका, मुरूड-जंजिरा