पुस्तक छापून झालं, पण फाइल कुठाय?

मा. संपादक, नमस्कार.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हापासून आपल्या वाचकांच्या पानावर मराठीचं पुढं काय यावर खूप पत्रं येतायत. शाळा, इंग्रजी माध्यम, दुकानांच्या पाट्या, शुद्धलेखन सगळं झालं, पण ज्या कामात मी सव्वीस वर्षं काढली त्याबद्दल, म्हणजे पुस्तकाची पानं कशी लावतात आणि त्याची फाइल पुढं टिकते का याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितेय. मी वाईला डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावते. पत्रिका, अहवाल, पतसंस्थांची बॅलन्सशीट, शाळांची वार्षिकं आणि मधूनमधून पुस्तकं.

२००४ साली इथल्याच एका निवृत्त गुरुजींनी त्यांच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून आणल्या होत्या, त्याचं पुस्तक मी लावलं. ३१२ पानं. पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये, तेव्हा सगळेच वापरायचे तसल्या मराठी फॉन्टात. पाचशे प्रती निघाल्या आणि संपल्या. २०१९ ला गुरुजींचा मुलगा आला, म्हणाला दुसरी आवृत्ती काढायचीय, ताई सीडी आहे ना तुमच्याकडं. सीडी होती, उघडली पण, आणि स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टिंबं. फॉन्ट ज्या जुन्या मशीनवर होता ते मशीन भंगारात गेलेलं, फॉन्टबरोबर मिळणारी, कॉम्प्युटरला लावायची किल्ली चालेना, ज्यांच्याकडून घेतला होता त्यांनी ते व्हर्जन बंद केलेलं. सगळ्या ओव्या परत टाइप करायला लागल्या, दोन महिने गेले, आणि परत टाइप करताना नव्या चुका शिरल्या त्या वेगळ्याच. गुरुजी तोवर गेले होते, नाहीतर हा शब्द आई असाच म्हणायची का हे त्यांना विचारता आलं असतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते की हे असं का होतं. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर असं काही नसायचंच. कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी मजकूरच असायचा, फक्त इंग्रजी एच च्या जागी क चं चित्र, अमुक चिन्हाच्या जागी मात्रेचं चित्र असं बसवलेलं. फॉन्ट गेला की चित्रं गेली. आणि प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी, म्हणजे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात टाकला तरी वाचता यायचा नाही. युनिकोड आलं त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर मिळाला. ते १९९१ पासून आहे, मोबाइलवर आपण रोज तेच वापरतो. पण छापायच्या कामात अजून कितीतरी ठिकाणी जुनेच फॉन्ट चालू आहेत कारण ऑपरेटरचा हात त्यावर बसलाय आणि प्रकाशकाला घाई असते.

माझी भाची पुण्यात फिजिक्स शिकते. ती त्या उन्हाळ्यात आली होती, माझी ती टायपिंगची दोन महिन्यांची मेहनत बघून म्हणाली मावशी तू लेटेक का नाही वापरत, आमच्याकडं सगळे थिसिस त्यातच करतात. मी म्हटलं ते गणितवाल्यांचं. लेटेक म्हणजे पुस्तकाची पानं लावून देणारा प्रोग्रॅम. तरी तिनं माझ्या मशीनवर घालून दिलं, फुकट आहे, टेक लाइव्ह म्हणून मिळतं, डाउनलोड मात्र काही जीबीचं आहे तेव्हा रात्री लावून झोपावं.

यात पान डोळ्यासमोर ओढून-ताणून लावायचं नसतं. साध्या नोटपॅडसारख्या फाइलमध्ये मजकूर लिहायचा, युनिकोडमध्ये, आणि जिथं नवं प्रकरण सुरू होतं तिथं बॅकस्लॅश देऊन चॅप्टर लिहायचं आणि महिरपी कंसात प्रकरणाचं नाव. तळटीप हवी तिथंच बॅकस्लॅश फुटनोट आणि कंसात टीप. मग काळी खिडकी उघडायची, टर्मिनल म्हणतात ती, तिथं झीलेटेक (इंग्रजीत xelatex) असं लिहून फाइलचं नाव लिहायचं आणि एंटर. काही सेकंदात पीडीएफ तयार, पान नंबर, अनुक्रमणिका, टिपांचे आकडे सगळं त्याचं तो लावतो. अनुक्रमणिका बरोबर यायला दोनदा चालवायला लागतं, पहिल्या वेळी तो पानं मोजून ठेवतो, दुसऱ्या वेळी भरतो. पेजमेकरमध्ये मधेच दोन पानं वाढली की मी अनुक्रमणिकेचे नंबर हातानं बदलत बसायची, आणि लेखक तर शेवटच्या दिवशीच दोन पानं वाढवतात.

हे कोणी केलं त्याची गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. अमेरिकेत डोनाल्ड कनूथ नावाचे प्राध्यापक, त्यांच्या संगणकशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथाचे पहिले खंड शिशाच्या खिळ्यांवर, मोनोटाइपवर छापलेले. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली ती नव्या फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशानं फिल्मवर अक्षरं उमटवायच्या पद्धतीची, आणि ती त्यांना इतकी वाईट वाटली की आपलं पुस्तक असं दिसू द्यायचं नाही म्हणून त्यांनी स्वतःच टाइपसेटिंगचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. टेक हे त्याचं नाव. थोडक्यात होईल असं वाटलेलं काम जवळजवळ दहा वर्षं चाललं, आणि ते त्यांनी सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ८० च्या दशकात लेटेक उभं केलं म्हणजे साध्या माणसाला चॅप्टर, सेक्शन एवढंच लिहून भागावं. आणि टेकचा व्हर्जन नंबर गणितातल्या पाय (π) या संख्येच्या किमतीकडं सरकत जातो, आता ३.१४१५९२६५३ आहे, म्हणजे प्रोग्रॅम बदलत नाही, फक्त चुका दुरुस्त होतात. चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजही चालवली तर तेच पान येतं. हे वाचलं तेव्हा मला माझी ती ओव्यांची सीडी आठवली, १५ वर्षांत वाचता येईनाशी झालेली.

कमांड देऊन पान लावायची पद्धत त्याच्याही आधीची आहे बरं का. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत युनिक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, बनवणाऱ्यांना नवं मशीन हवं होतं तेव्हा त्यांनी मजकूर लावायची सोय करून देऊ असं सांगून ते मिळवलं, आणि १९७१ मध्ये तिथल्या पेटंट खात्याचे टायपिस्ट त्यावर अर्ज तयार करायला लागले. पुढं १९७३ च्या सुमारास जोसेफ ओसाना यांनी फोटोटाइपसेटरसाठी ट्रॉफ हा मजकूर लावायचा प्रोग्रॅम लिहिला, त्याचा वारसदार ग्रॉफ आजही युनिक्ससारख्याच लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांवर मदतीची पानं दाखवायला वापरतात. म्हणजे आज कॉलेजात जे शिकवतात त्या युनिक्सच्या मुळाशी टायपिस्टचं काम आहे.

मराठीला हे आधी सरळ चालत नव्हतं. नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरीची सोय केली होती पण त्यात रोमन अक्षरात लिहून आधी एका प्रोग्रॅममधून काढायला लागायचं. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक, म्हणजे मी वापरते त्या झीलेटेकचा पाया, काढलं आणि त्यात युनिकोड थेट चालायला लागलं, कॉम्प्युटरवरचा कुठलाही युनिकोड फॉन्ट घ्या. मी पुस्तकांना मुंबई आयआयटीचा शोभिका वापरते, पत्रिकांना एक टाइपचा मुक्त, दोन्ही फुकट आणि दोन्हीत जोडाक्षरं सुरेख.

आणि इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा, पाकळीचा ल आणि देठाचा श, आणि २००९ च्या शासन निर्णयात तेच आकार वापरायला सांगितलेत. पण बऱ्याच पुस्तकांत हिंदी ल दिसतो कारण फॉन्टात तोच आधी येतो. झीलेटेकमध्ये फॉन्टच्या ओळीत भाषा मराठी एवढं लिहिलं की ज्या फॉन्टात मराठी आकार आहेत ते अख्ख्या पुस्तकात आपोआप लागतात. एक ओळ! तसंच अर्धा र. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आणि जुन्या फॉन्टातनं मजकूर बदलून घेताना हमखास हाच र मरतो. युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ नं तो नीट लिहिता येतो आणि छापतानाही तसाच राहतो.

आपल्या पेपरबद्दल पण लिहिते, रागवू नका. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, महाराष्ट्रातल्यांसाठीसुद्धा हा एक शब्द आहे, आणि पेपरचा कॉलम अरुंद, त्यामुळं दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणून ओळीत तीन शब्द आणि मधे हातभर मोकळी जागा असं रोज दिसतं. साधे प्रोग्रॅम एक ओळ भरली की पुढच्या ओळीचं बघतात. टेक अख्खा परिच्छेद एकदम बघतं, पहिल्या ओळीत शब्द कमी घेतला तर पाचवी ओळ बिघडेल का याचा सुद्धा हिशोब करतं आणि सगळ्यात कमी ताण पडेल ती मांडणी घेतं. शिवाय मराठी शब्द कुठं तोडावा याचे नियम त्यात आहेत, जोडाक्षर मधेच तुटत नाही. ओव्यांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेची जुनी आणि नवी पानं मी शेजारी ठेवून बघितली, अक्षर त्याच मापाचं, पण नवं पान डोळ्याला शांत वाटतं.

सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पहिले तीन आठवडे फार त्रास झाला. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला की चूक भलत्याच ओळीवर दाखवतो, तीही इंग्रजीत. टक्क्याचं चिन्ह त्याच्या भाषेत 'या ओळीतलं इथून पुढचं सोडून दे' असं असतं, त्यामुळं एका पतसंस्थेच्या अहवालात व्याजदराच्या पुढचं सगळं गायब झालं, प्रूफ वाचताना सापडलं म्हणून बरं. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा हे आता हाताला बसलंय. लग्नपत्रिका, जाहिरात, चित्रांनी भरलेलं पान यासाठी मी अजून दुसरंच सॉफ्टवेअर वापरते, त्याला हे नाही शोभत. पण सलग मजकुराचं पुस्तक, टिपा असलेला प्रबंध, कविता, ओव्या, शब्दसूची, इथं मला याच्यासारखं दुसरं दिसलं नाही. आणि मूळ फाइल म्हणजे साधा मजकूर. तीनशे पानांचं पुस्तक दोन एमबीच्या आत बसतं, ईमेलनं जातं, कुठल्याही मशीनवर उघडतं, लेटेक नसलं तरी वाचता येतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये, लेखकाच्या हातात राहिला पाहिजे. लेखकांनी प्रकाशकाकडं छापील प्रतींबरोबर ही फाइल मागावी आणि पीडीएफवर समाधान मानू नये, पीडीएफमधून मराठी कॉपी करून बघा म्हणजे अक्षरं बऱ्याचदा कशी बिघडून येतात ते कळेल. दिवाळी अंकवाल्यांनी वर्षावर्षाच्या फाइली तपासून बघाव्यात, किती उघडतात ते. विद्यापीठांनी मराठी विषयाच्या प्रबंधासाठी समास, अक्षराचं माप ठरवून दिलेलंच असतं, त्याचा तयार लेटेक साचा वेबसाइटवर ठेवला तर मुलांचे टायपिंगवाल्याकडं जाणारे हजारो रुपये वाचतील. आणि राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या टायपिंग परीक्षेला दरवर्षी इतकी मुलं-मुली बसतात, वेग येतो पण पुढं त्या वेगाचं काय करायचं हे कोणी सांगत नाही, त्या कोर्सला आठ दिवस हे जोडलं तर तालुक्याच्या गावात पुस्तकं लावणारे हात तयार होतील. माझ्या दुकानातली बारावी झालेली मुलगी महिन्यात शिकली, तिला इंग्रजी बेताचंच येतं.

वाईला छापण्याची आणि ग्रंथांची जुनी सवय आहे, विश्वकोशाचं गाव आहे हे, त्यामुळं इथं बसून हे जास्तच लागतं मनाला.

शेवटी एक निरोप, तेवढा जरूर छापा. ओव्यांच्या प्रकरणानंतर भाचीनं आणि मी छापलेलं पुस्तक आणि ती न वाचता येणारी फाइल शेजारी ठेवून कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं अक्षर याचा तक्ता बनवला. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी यायची आणि युनिकोडमध्ये नंतर, रफार उलटा, ते सगळं फिरवणारा छोटा प्रोग्रॅम तिनं लिहिला. तो आता चालतो, हातानं तपासायला लागतं पण परत टाइप करायला लागत नाही. माझ्याकडं १९९९ ते २०११ मधल्या ४३ सीड्या आहेत, त्यातल्या सहा उघडतच नाहीत, बाकीच्या अजून वाचता येतायत पण सीडी काही कायमची नसते. सातारा जिल्ह्यातल्या ज्यांनी त्या काळात वाईत माझ्याकडून पुस्तक, स्मरणिका किंवा गावाचा इतिहास लावून घेतला असेल त्यांनी दुकानात येऊन सांगावं, मजकूर युनिकोडमध्ये काढून देईन, पैसे नकोत. येताना छापलेली एक प्रत मात्र आणा, तपासायला लागते.

आपली नियमित वाचक,
एक डीटीपी करणारी, वाई