तंबोरे जुळेपर्यंत थांबा की!

मा. संपादक,
स. न.

थंडी पडली की गावोगावी संगीत महोत्सव सुरू होतात. गायक मंचावर येऊन तंबोरे जुळवायला घेतात आणि नेमका तेव्हाच निवेदक माइक उचलतो, ‘ट्यूनिंग होईपर्यंत प्रायोजकांची ओळख करून घेऊ.’ मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि एखाद्या गृहप्रकल्पाची साद्यंत माहिती. या गलक्यात गायकाने सूर मिळवायचा!

खुंटी पिळून तार ढोबळमानाने सुरात येते. उरलेला फरक घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खालचा मणी किंचित सरकवून काढायचा, मग तारेखालचा दोरा केसभर मागेपुढे करत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलवायची. हे सगळे कानाचे काम. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून कुणी न छेडलेला गंधार (‘ग’) ऐकू येऊ लागतो. रागाप्रमाणे पहिली तारही बदलते. मालकंस रागात पंचम (‘प’) वर्ज्य, म्हणून ती मध्यमात (‘म’) लावायची. मारव्याला अनेक जण निषाद (‘नी’) घेतात. ग्रीनरूममध्ये लावून आणलेले तंबोरे मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने उतरतात, म्हणजे पुन्हा जुळवणे आलेच.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण ती बातमी अभिमानाने एकमेकांना पाठवली. त्याच तंबोऱ्याची जवारी बोलायला लागण्याआधी आपण घड्याळ बघतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवली, तर श्रोत्यांनी त्यालाच वादन समजून टाळ्या दिल्या. हा किस्सा सांगून आपण हसतो. पण निदान ते लोक ऐकत तरी होते!

‘मोबाइलवर तंबोऱ्याचे ॲप आहे ना’ असे आयोजक सुनावतात. रियाजाला ते सोयीचे आहे, प्रवासात तर फारच. पण मैफलीत दोन तंबोऱ्यांच्या मधोमध बसून गाणाऱ्याला जो सुरांचा भरणा मिळतो, तो स्पीकरमधून मिळत नाही.

आयोजकांना एवढेच सांगणे आहे. सत्कार आणि जाहिराती कलाकार मंचावर येण्याआधी उरका. तंबोरे अर्धा तास आधी मंचावर, दिवे लावून ठेवा. आणि ते जुळत असताना निवेदकाचा माइक बंद असू द्या.

– एक श्रोता, सांगली